सात चढला माळ्यावर

या मित्रांनो, जवळ या. हात लावायला हरकत नाही, आता मी तापत नाही. तेलाचा डाग मात्र लागेल बोटाला. तेवढी घरी आईची बोलणी खा आणि धुवून टाका.

ओळखलंत का मला? कोणी म्हणतं विहिरीवरचा पंप, कोणी म्हणतं रस्त्याच्या रोलरचा तुकडा. परवा तर एका शहाण्यानं मला बाँब ठरवलं आणि सगळा वर्ग मैदानात पळवला. अरे बाबांनो, मी एक जुनं मोटारीचं इंजिन आहे! आदिलाबादेतल्या या शाळेच्या ओसरीत बसून तुमचा दंगा ऐकणं हे माझं हल्लीचं काम. त्याआधी मी मोटार ओढली, गिरणी चालवली, आणि एकदा भर बाजारात माझ्यावर चोरीचा आळसुद्धा आला. खरं म्हणजे आळ एका मेलेल्या माणसावर होता. तो बिचारा येऊन 'नाही' कसा म्हणणार? खरं काय ते मला ठाऊक होतं, पण माझं तोंड तेव्हा शेंदरानं बुजलं होतं. ती सगळी हकिकत आज सांगतो. नीट बसा, आणि मागच्यांनी ढकलाढकल करू नका.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, निवलं, घासलं, पोटात दट्टे बसवले आणि मी उभा राहिलो. मग जाड मिशांचा एक कामगार हातोडी आणि पोलादी ठसे घेऊन माझ्याजवळ आला. ही बघा, माझ्या डाव्या कुशीला तळहाताएवढी सपाट जागा आहे ना, ती नंबरासाठीच ठेवलेली असते. त्यानं एकेक ठसा धरला आणि ठोकला. के, मग चार, मग एक. सातावर हातोडी उचलली तेवढ्यात त्याला मागून कोणीतरी हाक मारली. हात हलला, आणि सात रांग सोडून जरा वर चढून बसला. कामगार स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, शून्य आणि तीन मात्र सरळ ठोकले आणि पुढच्या इंजिनाकडे गेला. झालं माझं बारसं. के ४१७०३.

तुम्ही म्हणाल, नंबरात काय एवढं मोठं? तर ऐका. मोटारीचा रंग बदलतो, चाकं बदलतात, टप बदलतो. पुढची पाटी तर राज्य बदललं की बदलते. इंजिनावर ठोकलेला नंबर आहे तसा राहतो. म्हणून जुनं इंजिन समोर आलं की जाणता माणूस आधी चिंधीनं कूस पुसतो आणि नंबर शोधतो. पहिल्या अक्षरावरून इंजिन कोणत्या जातीचं आणि साधारण कोणत्या सालचं ते कळतं, पुढच्या आकड्यांवरून त्या जातीतलं कितवं ते कळतं. माझा सात तेवढा सगळ्यांहून वेगळा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आज त्या हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाचे मी रोज आभार मानतो.

जहाजातून, रेल्वेतून, धुळीच्या रस्त्यातून मी आलो तो थेट आदिलाबादला, नरसिंगराव वकिलांच्या दारात. तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू आणि वकिलांच्या ओसरीवर मराठी. मी मोटारीत बसून तिन्ही भाषा ऐकायचो. माझा चालक मारोतराव. इचोड्याकडचा माणूस, अंगानं काटक, बोलायला महाकंजूष. दिवसभरात चार शब्द बोलला तर त्यातले दोन माझ्याशी. निर्मलचा घाट चढताना मी धापा टाकायला लागलो की म्हणायचा, "हळू बाप्पा, हळू. कोनी मागं लागलं नाई आपल्या." मग गाडी थांबवून मला आधी पाणी पाजायचा आणि उरलं तर स्वतः प्यायचा. असा सांभाळणारा मिळायला नशीब लागतं.

वकिलांची धाकटी मुलगी चारुशीला. बॉनेट उघडलं की ही हजर! मारोतराव मला पुसायचा आणि ती माझ्या कुशीवरचे आकडे बोटानं गिरवायची. शाळेत नाव घालायच्या आधी ती आकडे माझ्यावर शिकली. एकदा तिनं विचारलं, "मारोतकाका, हा सात वर काऊन बसला?" मारोतराव पहिल्यांदाच भरभरून हसला आणि म्हणाला, "माळ्यावर चढला व बाई थो, लाडू चोराले." झालं! त्यातून पोरीनं गाणंच रचलं आणि दिवसभर घर डोक्यावर घेतलं:

के काकाचा, चार चाकं,
एक एकटा वाट राखं,
सात चढला माळ्यावर,
पूज्य लोळे ओट्यावर,
तीन बसले दारावर!

पूज्य म्हणजे शून्य बरं का, तेव्हा तसंच म्हणायचे. हे गाणं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग ते रझाकारांचे दिवस आले. माणसं दारं लावून कुजबुजू लागली. एके सकाळी मी वकिलांना, त्यांच्या बायकोला आणि चारूला पैनगंगेपर्यंत सोडलं. पलीकडे वऱ्हाडात त्यांचे सोयरे होते. मारोतरावानं आपल्या बायकोला, भागाबाईला, आधीच तिच्या माहेरी बोथला धाडलं होतं. आम्ही दोघंच मागं राहिलो, तो आणि मी. पुढं एका दुपारी, मोटार उभी असायची त्या वकिलांच्या गोठ्याला आग लागली. कोणी लावली ते मी पाहिलं नाही, मला नुसता धूर दिसला. मोटारीचा टप गेला, गाद्या गेल्या, चाकं गेली. मारोतराव ओली पोती घेऊन आत घुसला आणि त्यानं ती माझ्यावर टाकली. त्याचे हात भाजले. मी वाचलो, मित्रांनो, तो त्या पोत्यांमुळे.

भादव्यात संस्थान भारतात आलं, आणि वकील बैलगाडीनं परतले. गोठ्यात येऊन बराच वेळ मोटारीच्या सांगाड्याकडे बघत उभे राहिले. मग मारोतरावाचे हात त्यांच्या नजरेला पडले. म्हणाले, "मारोतराव, गाडी संपली. पण इंजिन जिवंत आहे, आणि ते तुमच्यामुळे आहे. घेऊन जा, आता ते तुमचं. मी दिलं म्हणून सांगा." चारू तेव्हा परकर सावरत शेजारी उभी होती. ती पुढं झाली आणि जाता जाता तिनं माझा सात एकदा गिरवला.

मारोतरावानं मला बैलगाडीत घातलं. वाटेतली धूळ माझ्या पोटात जाऊ नये म्हणून वरून चांगला दाट कडबा पसरला. आता बघा हं, चांगुलपणा कसा अंगाशी येतो! इचोड्याच्या लोकांनी काय पाहिलं? मारोतराव भर उन्हात घाईनं गाडी हाणतोय आणि कडब्याखाली काहीतरी लोखंडी झाकून आणतोय. बास! गावाला आणखी काय पाहिजे?

इचोड्यात सडकेच्या कडेला त्यानं छपरी बांधली, मला लाकडी चौकटीवर बसवलं, शेजारी पाण्याचा ड्रम ठेवला, पट्टा जोडला आणि गिरणी सुरू केली. पेट्रोलचा घोट घेऊन सुरू व्हायचं आणि मग राकेलवर चालायचं, ही माझी नवी तऱ्हा. भागाबाई माहेराहून आली ती छपरीच्या दारातच थबकली. "हे कुठून आनलं?" तिनं विचारलं. "मालकायनं देल्लं," मारोतराव म्हणाला. बस! पोतं, आग, हात, काही नाही. दोन शब्दांत विषय मिटवला त्यानं. असल्या मितभाषी माणसाचा मला कधी कधी भारी राग येतो.

गिरणी मात्र काय चालली म्हणता! आसपासच्या खेड्यांतून बाया ज्वारीचे डाले डोक्यावर घेऊन यायच्या. पहाटे उठून जातं ओढणं सुटलं म्हणून माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच संकोच व्हायचा. सोनाबाई नावाची एक म्हातारी होती. ती पीठ घेऊन जाताना दरवेळी माझ्या अंगावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. पीठ उडून मी पांढरा व्हायचो, आणि मला वाटायचं, मोटार ओढण्यापेक्षा हे काम बरं. मोटारीत बसून दोन-चार माणसं जायची, इथं सगळ्या पंचक्रोशीची भाकरी माझ्यावर भाजली जात होती.

पुढं मारोतराव तापानं गेला. दोन दिवस छपरी बंद होती. तिसऱ्या दिवशी भागाबाईनं पदर खोचला, गिरणीत धान्य टाकणाऱ्या डोमाजीला हाक मारली आणि म्हणाली, "मार हँडल. लोकायच्या घरी पीठ नाई." मी पहिल्या झटक्यात सुरू झालो. त्या दिवशी मी कुरकुर करणं शोभलं नसतं.

आता शेंदराचं सांगतो. दसऱ्याला सगळेच हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. मारोतराव असताना कुंकवाचा एक ठिपका असायचा. तो गेल्यावर भागाबाईनं विचार केला, ज्याच्या हातचं हे इंजिन त्याच्या नावाचा देव मारोती, आणि मारोतीला तेल-शेंदूर लागतो. आता लावायचा कुठं? माझ्या अंगावर एकच जागा सपाट, कपाळासारखी. नेमकी तीच! तिनं आधी तेल चोळलं, मग शेंदूर लिंपला. सोनाबाईनं ते पाहिलं, पुढच्या शनिवारी तिनंही लिंपला. मग पंचक्रोशीतल्या बायांनी नेमच धरला. दळण टाकायचं आणि इंजिनाला शेंदराचं बोट लावायचं. दर शनिवारी थरावर थर! माझा के गेला, चार गेला, लाडका सात गेला. मान मिळत होता म्हणून मी सुखावलो होतो, खोटं कशाला बोलू? पण नंबर झाकला की इंजिनाची ओळख झाकते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि डोमाजी! मनानं सोन्यासारखा, पण त्याच्या जिभेला ब्रेक नव्हता. बाजाराला आलेल्या परगावच्या गिऱ्हाइकांना तो ऐटीत सांगायचा, "असंतसं इंजिन नोहे हे! लष्करी गाडीचं हाय. पुलिस अ‍ॅक्शनच्या गडबडीत आमच्या मारोतरावनं पटकावलं!" त्याच्या मते ही तारीफ होती. दरवेळी गोष्ट थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर मारोतराव चालत्या गाडीतून मला उपटून पळाला इथवर आली. लोक हसायचे, डोमाजी फुलायचा. भागाबाई मात्र पट्ट्याआड उभी राहून ऐकायची आणि तिचा चेहरा उतरायचा. तिच्या मनात कडब्याची गाडी यायची. 'मालकायनं देल्लं' म्हणाले होते, पण वकील तर आता हयात नाहीत. आणि देणगी मिळालेली वस्तू माणूस कडब्याखाली कशाला झाकेल?

छप्पन साल आलं आणि राज्यांची नवी वाटणी झाली. हैदराबाद राज्य फुटलं. किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, आदिलाबाद आंध्रात आलं. किनवट-राजुऱ्याचे सोयरे एकाएकी परराज्यातले झाले. सडकेवरच्या मोटारींच्या पाट्या बदलू लागल्या. जुन्या सरकारची सारी वाहनं नव्या सरकारकडे नीट पोचली की नाहीत, याची तपासणी निघाली. संस्थान भारतात आलं त्या धामधुमीत एक सरकारी मोटार गायब झालेली होती. आणि कचेरीतल्या कोणाच्या तरी कानावर डोमाजीची तारीफ गेलेली होती!

बाजारचा दिवस होता. जीप थांबली आणि तपासनीस पोशेट्टी उतरले. ठेंगणे, घामेजलेले, काखेत छत्री. बोलणं मऊ होतं. "अम्मा, मुआयना करना है. इंजिनका नंबर दिखाओ."

भागाबाईनं त्यांना माझी कूस दाखवली. पोशेट्टींनी वाकून पाहिलं. समोर नुसता केशरी डोंगर! त्यांनी डोक्यावर हात मारला. "अय्यो! हे काय अम्मा? नंबर किदर है?" त्यांनी खिशातून पेचकस काढला, तोच सोनाबाई डाल्यासकट मधे पडली. "हात तं लावून पाहा! देवाच्या अंगाले लोखंड लावता? शेंदूर खरवडता? तुमच्या घरी मारोती नाई का?"

पोशेट्टी चटकन मागं सरले. त्यांनी पेचकस खिशात ठेवला आणि लांबूनच मला हात जोडले. म्हणाले, "माझ्या घरी पण हनुमान आहे अम्मा. पण नोकरी आहे ना! जी गाडी गेली तिचा नंबर माझ्याकडे आहे. तुमचा दुसरा निघाला, तर मी सलाम करून जातो. नाई दिसला, तर इंजिन जप्त करून आदिलाबादला न्यावं लागतं. शनिवारी येतो. तोवर देवाला तुम्हीच सांगा."

जीप गेली आणि सगळा बाजार छपरीपुढं जमला. पोशेट्टींनी चोर हा शब्द उच्चारला नव्हता. बाजारानं तेवढी कसर भरून काढली. डोमाजी खाली मान घालून उभा. भागाबाई त्याच्यावर ओरडली नाही, तेच त्याला जास्त लागलं. तो पुटपुटला, "बाई, मी थे सगळं आपलं मोठेपनासाठी सांगून राह्यलो होतो. मले काय ठाऊक का कोनी खरं मानीन?" आणि नागपूरकडं निघालेल्या एका ट्रकवर चढून आदिलाबादला गेला. मारोतराव वकिलांकडे होता एवढं त्याला माहीत होतं. वकील नसले तरी त्यांची मुलगी इथं शाळेत शिकवते असं त्यानं कोणाकडून ऐकलं होतं.

आणि शनिवारी सकाळी ट्रकमधून कोण उतरलं, सांगा पाहू? चारूच! पांढरं लुगडं, डोळ्यांना चष्मा, हातात छत्री. पण माझ्यापुढं आली तशी तिचं बोट आपोआप माझ्या कुशीकडे गेलं आणि शेंदरावर अडलं. मी सुरू असतो, तर त्या क्षणी माझा ठोका चुकला असता.

भागाबाईनं तिला छपरीमागं नेलं. तिथून मला सगळं ऐकू येत होतं.

"चारूताई, सोनाबाई म्हंते देवाचा कोप होईन. मले कोपाचं भेव नाई," भागाबाई म्हणाली. "खालचा नंबर त्याईच्या गाडीचा निंघाला तं? मी आजवर मान वर करून दळन देल्लं. माहा मानूस चोर निंघाला तं मी ह्या गावात कोनतं तोंड दाखवू? त्यापरीस शेंदूर राहू द्या. नेऊ द्या इंजिन. निदान मले खरं काय थे समजनार नाई."

ऐकताय ना मित्रांनो? गिरणी गेली तरी चालेल, पण नवऱ्यावरचा विश्वास जायला नको, म्हणून ती मला द्यायला तयार झाली होती. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक, मी दोन हातांच्या अंतरावर मुका बसलो होतो! आयुष्यात मला एवढं असहाय कधी वाटलं नाही. गोठ्याच्या आगीतसुद्धा नाही.

चारूनं भागाबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, माझ्या बाबांनी माझ्यासमोर मारोतकाकांना हे इंजिन दिलं. त्यांचे हात भाजलेले होते ना, ते हे वाचवताना भाजले. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

भागाबाई बघतच राहिली. "मले म्हंले, चुलीवर पोळले."

"आणि नंबर मला पाठ आहे. शेंदूर निघायच्या आधी सगळ्यांदेखत म्हणून दाखवते. खाली तोच निघाला तर मग कोणी काही बोलायचं नाही."

भागाबाईनं डोळे पुसले. पदर खोचून ती बाहेर आली. तोवर पोशेट्टी येऊन बसले होते आणि सोनाबाई माझ्यापुढं ठाण मांडून होती. भागाबाई तिला म्हणाली, "खरवडनार नाई कोनी, मावशी. मारोतीच्या अंगावर शेंदूर जड झाला का थो आपल्या मनानं कवच टाकते का नाई? मंग हाही टाकीन. टाकायचं असन तं." आणि डोमाजीकडे वळून म्हणाली, "ड्रमाचं पानी बंद कर. मार हँडल."

डोमाजीचं तोंड वासलं. "पानी बंद? बाई, इंजिन फुटीन!"

"माहित हाय. मार."

खरंच होतं त्याचं. रोज ड्रमातलं पाणी माझ्या अंगातून फिरायचं, म्हणून ती कूस कोमट राहायची आणि शेंदूर थरावर थर टिकायचा. पाणी बंद करून चालवायचं म्हणजे माझ्या जिवाशी गाठ. जास्त तापलो तर लोखंडाला तडा जायचा आणि मी कायमचा भंगारात. पण मित्रांनो, इतकी वर्षं मी लोकांसाठी फिरलो, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी आणि मारोतरावासाठी फिरलो. हँडल बसलं आणि मी धडधडलो.

मी धडधडत असतानाच चारू सगळ्यांसमोर उभी राहिली आणि एवढी मोठी मास्तरीण परकऱ्या पोरीसारखी गाणं म्हणू लागली. के काकाचा, चार चाकं. कोणी हसलं नाही. पोशेट्टींनी पेन्सिल काढून तळहातावरच आकडे टिपले. सात माळ्यावर चढला तेव्हा त्यांनी विचारलं, "माळ्यावर मतलब?" चारू म्हणाली, "म्हणजे रांगेच्या वर. बाकीच्यांहून उंच बसलाय. निघाला की बघा."

मी तापत गेलो. छपरीत राकेलचा वास कोंडला. अंगातून वाफेचा फुसकारा निघाला तशी डोमाजीनं ड्रमाकडे धाव घेतली, भागाबाईनं त्याचा दंड धरून ठेवला. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हळू बाप्पा. हळू." तिच्या तोंडी मारोतरावाचेच शब्द! तिला ते कुठून ठाऊक? एका घरात राहून एका चुलीवरचं खाऊन शब्द येत असतील. मी दम धरला. शेंदराखालचं ते पहिलं तेल, तिनं स्वतः चोळलेलं, पातळ होऊन कडेनं ओघळू लागलं.

मग टच्चकन आवाज झाला.

केशरी कवचाला मधोमध चीर गेली, आणि ते अख्खंच्या अख्खं सुटून भागाबाईच्या पसरलेल्या पदरात पडलं. डोमाजीनं मला बंद केलं. ड्रमापाशी जाऊन तो एकटाच रडत बसला.

माझी कूस कशी होती म्हणता? लख्ख! त्या तेल-शेंदरानं माझ्या आकड्यांना गंजाचा टिपूससुद्धा लागू दिला नव्हता. कारखान्यातून निघालो तसाच, के ४१७०३, आणि सात आपला माळ्यावर. म्हणजे बघा, ज्या बायांनी माझी ओळख झाकली म्हणून जीप आल्यापासून मी मनात कुरकुरत होतो, त्यांनीच ती जपली होती. त्यांचे आभार मी कोणत्या तोंडानं मानू?

पोशेट्टींनी तळहात नंबराशेजारी धरला. एकेक आकडा जुळवला. मग हसत सगळ्यांना सांगितलं, "ज्या गाडीला आम्ही शोधतो, ती जर्मनच्या लढाईनंतरची. तिचं अक्षरच दुसरं. हे के तर फार जुनं, लढाईच्या कितीतरी आधीचं. हे सरकारचं इंजिन नव्हे. हे वकीलसाहेबांचं, आणि त्यांनी दिलं म्हणून मारोतरावांचं." आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी भागाबाईला खरोखर सलाम केला.

नंतर त्यांनी माझ्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली. कचेरीत दाखवायला ठसा लागतो ना, त्यासाठी. काळ्या रेघांतून माझे आकडे पांढरे उमटले. भागाबाई ते टक लावून बघत होती. पोशेट्टींच्या लक्षात आलं, त्यांनी आणखी एक ठसा घेतला आणि तिच्या हातात दिला. चारूनं तिचं बोट धरून गिरवून दाखवलं, हा के, हा चार, हा एक. सातावर बोट वर चढलं तशी भागाबाई रडता रडता हसली. म्हणाली, "पोळले म्हंले होते व चुलीवर. एवढं सांगाले काय झालं होतं त्याईले!"

सोनाबाईनं ते कवच वाजतगाजत नाल्याच्या वाहत्या पाण्यात सोडलं. डोमाजीनं त्या दिवसापासून खरी हकिकत सांगायला घेतली. आता तीही दरवेळी थोडी वाढते, पण जाऊ द्या.

मारोतरावाचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. भागाबाईनं तो पेन्सिलीचा कागद काचेत मढवून घरातल्या देवाशेजारी टांगला. येणारा-जाणारा विचारायचा, हे कायचे आकडे? ती सांगायची, "आमचे धनी हायत."

पुढं इचोड्याला वीज आली. गिरणीला विजेची छोटी मोटर बसली आणि माझं काम संपलं. भंगारवाला आला, त्यानं मला तोलून पाहिलं, आणि भागाबाईनं त्याला सडकेपर्यंत हाकललं. तेव्हा चारू म्हणाली, मावशी, शाळेत ठेवूया. पोरांना आकडे तरी येतील. तसा मी इथं आलो. तुमचे हात, तुमचं गाणं, तुमच्या वहीच्या मागच्या पानावर घेतलेले माझे ठसे, सगळं बघतो आणि म्हणतो, एका इंजिनाला याहून काय पाहिजे?

भागाबाई दर दसऱ्याला बसनं येते. आता तिला दिसत नाही फारसं. गेल्या दसऱ्याला डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवून आली, माझ्यापुढं बसली आणि बोटानं एकेक आकडा चाचपला. बोट सातावर पोचलं, वर चढलं, तिथंच थांबलं. "हाय," ती म्हणाली. "जाग्यावर हाय."

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात, कोपऱ्यात एखादं जुनं यंत्र पडलं असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्या अंगावरून तेलाचा बोळा फिरवा. नंबर दिसला तर मोठ्यानं वाचा. ते कोणाचं होतं, कोणी वाचवलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. मारोतरावासारखे कमी बोलणारे असतील तर पुन्हा पुन्हा विचारा, सोडू नका. आणि यंदा दसऱ्याला मला शेंदूर जरूर लावा. मला आवडतो तो, अंगाला मानवतो. फक्त नंबराच्या जरा बाजूला लावा. भागाबाईचं बोट तिथं यायचं आहे.